चौऱ्याऐंशी नंबरचा तारा

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

पहाटे पाचला गच्चीवर. माझा रोजचा तारा एकदम मंद! वृश्चिकाच्या शेपटीजवळचा हा तारा मी अकरा वर्षं बघतेय. तो कमीजास्त होतो म्हणूनच बघायचा. पण आठवड्यात एवढा उतरला? नोंद केली, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

थंडी मरणाची. खालून यांची हाक, चहा गार होतोय म्हणून.

८ फेब्रुवारी, शनिवार

कोडं सुटलं. की वाढलं, कळत नाही.

ताऱ्याचं तेज नुसतं बघून सांगता येत नाही. शेजारच्या, कधीच न बदलणाऱ्या ताऱ्यांशी ताडून बघावं लागतं. याच्याहून जरा उजळ, त्याच्याहून जरा मंद, असं. नकाशात त्या ठाम ताऱ्यांना नंबर असतात. माझ्या नकाशात ७८, ८४ आणि ९१. नंबर लहान तेवढा तारा उजळ. भावकीत थोरला-धाकटा ठरलेला असतो तसं. त्यात बदल नाही.

आज मी माझा तारा फक्त ७८ आणि ९१शी ताडला. तो होता तिथेच आहे! उतरलेला नाही. मग काय बदललं? चौऱ्याऐंशी. तोच चढलाय. ज्या मापाने मोजते ते मापच वाढलंय.

असं होत नाही. अकरा वर्षांत झालेलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मधे पंधरा दिवस चंद्राचा उजेड. आज आकाश काळंभोर मिळालं. चौऱ्याऐंशी आणखी वर. अठ्ठ्याहत्तरच्या अगदी जवळ आलाय.

२६ फेब्रुवारी, बुधवार

विजयसिंह सरांना मेल केला. इंग्रजीत लिहायला घेतला, दोन ओळींत अडले, मग सरळ मराठीत लिहिला.

बारामतीच्या कॉलेजात मी एकोणतीस वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये परिचर होते. भिंगं पुसायची, तारा जोडून द्यायच्या, मुलांनी फोडलेल्या नळ्यांची यादी करायची. सगळे मावशी म्हणायचे. एका मे महिन्यात सर पुण्याच्या संस्थेतून दुर्बीण बनवायचं शिबिर घ्यायला आले. मुलं चार दिवसांत कंटाळली. काचेवर काच घासत मीच एकटी उरले. आठ इंची आरसा, साडेतीन महिने घासला. तीच दुर्बीण आज आमच्या गावी, कळसला, घराच्या गच्चीवर आहे. तारे ताडायला सरांनीच शिकवलं. म्हणून पहिलं त्यांनाच कळवायचं.

२ मार्च, रविवार

सरांचं उत्तर. सभ्य, चार ओळींचं. ठाम तारे बदलत नाहीत म्हणूनच ते ठाम असतात, असं लिहिलंय. शेवटी: "जयवंताबाई, वयाप्रमाणे डोळ्यांत फरक पडतो. एकदा तपासून घ्या."

वाईट वाटलं. पण त्यांचं चूक कुठे आहे? माझं वय अठ्ठावन्न.

५ मार्च, बुधवार

बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागलाय. आत्ता ऑपरेशन नको, सहा महिन्यांनी बघू म्हणाले.

उजवा डोळा. ज्याने बघते तोच. डाव्याला दुर्बिणीची सवयच नाही.

येताना गाडीवर यांच्या मागे बसून एकच विचार. खोटं बोलतोय तर हा डोळा कधीपासून बोलतोय? चार हजारांवर नोंदी आहेत माझ्या. जगभरचे हौशी लोक एका ठिकाणी नोंदी पाठवतात, तिथे माझ्याही जातात. कुणीतरी त्या खऱ्या मानून वापरत असेल.

९ मार्च, रविवार

८४ आणि ७८ सारखेच दिसले. हुबेहूब.

नोंद पाठवली. ही शेवटची. दुर्बिणीवर खताचं पोतं घातलं आणि सुतळीने बांधलं.

१४ मार्च

यांनी विचारलं, वर का जात न्हाईस? म्हटलं गुडघा दुखतोय.

२१ मार्च

काही नाही. पहाटे जाग येते. पडून राहते.

२९ मार्च, शनिवार

आज यांनीच पोतं सोडलं. मी उठायच्या आधी हे गच्चीवर! खाली येऊन म्हणाले, "तुझा गुडघा दुखत न्हाय. मला म्हाईत हाय. चल वर. डोळा तुझा हाय, डॉक्टरचा न्हाय."

गेले. दुर्बीण लावायच्या आधी साधी हातातली दुर्बीण घेतली, नुसती दिशा बघायला. चौऱ्याऐंशी त्या सगळ्या भागात सर्वांत उजळ! अठ्ठ्याहत्तर त्याच्यापुढे ठिपका. रंग तांबूस, मावळत्या सूर्यासारखा.

यांना दाखवला. शिकवलेलं काही नाही, नकाशा माहीत नाही. नुसतं म्हटलं, दुर्बिणीत दिसतात त्यांत सगळ्यात मोठा कोणता ते सांगा. हे क्षणात म्हणाले, त्यो तांबडा. यांना मोतीबिंदू नाही.

खाली येऊन मी रडले. आनंदाने की रागाने, माहीत नाही. वीस दिवस! वीस दिवस मी पोत्याखाली घातले.

१ एप्रिल, मंगळवार

परदेशातल्या कुणीतरी परवा पाहिला आणि जाहीर झाला. 'नवा तारा' म्हणून. नवा कसला! आमच्या नकाशात नंबरानिशी आहे.

७ एप्रिल, सोमवार

गव्हाला ऊन देत होते, तेवढ्यात फोन. पुण्याहून श्रेया नावाची मुलगी. सरांच्याच संस्थेत संशोधन करते. मला मॅडम म्हणाली. मी मागे वळून बघितलं, कुणाला म्हणतेय म्हणून.

जगभरच्या नोंदी चाळताना तिला फक्त एका माणसाच्या नोंदीत चौऱ्याऐंशीचं नाव आधी सापडलं. माझ्या. फेब्रुवारीपासून. मोठ्या यांत्रिक दुर्बिणींसाठी तो तारा फार उजळ, त्यांचे कॅमेरे दिपून जातात, म्हणून त्या त्याला वगळतात. हौशी लोकांना तो मापाचा तारा, त्याच्याकडे कोण बघतंय? डिसेंबर-जानेवारीत तो सूर्याच्या उजेडात होता. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधलं त्याचं काय झालं ते फक्त कळसच्या गच्चीला ठाऊक.

मी तिला मोतीबिंदूचं सांगून टाकलं. लपवून काय करायचं? कधी कळलं ते तिने विचारून घेतलं. मग म्हणाली, वह्या जपून ठेवा, मी येते.

१२ एप्रिल, शनिवार

श्रेया आली. जीन्स, पाठीला पिशवी, एसटीने इंदापूरपर्यंत आणि पुढे आमच्या गाडीवर. भाकरी आणि शेंगांची चटणी मनापासून जेवली. मग अंगणात बसून तिने जे सांगितलं ते जसं समजलं तसं लिहिते.

तिच्या मते त्या ताऱ्यात ग्रह पडला.

तारा म्हातारा झाला की फुगतो. हा फुगत होता. त्याच्या अगदी जवळून, थोड्याच दिवसांत एक फेरी मारणारा एक मोठा ग्रह होता, आपल्या गुरूहून मोठा. फुगलेल्या ताऱ्याच्या वरच्या विरळ वायूला तो आधी नुसता घासायला लागला. प्रत्येक फेरीला घर्षण. घर्षणाने वेग कमी, वेग कमी म्हणून आणखी आत. आत म्हणून आणखी घर्षण. त्या घासण्याने वायू तापतो आणि तारा हळूहळू उजळतो. आठवड्यांमागून आठवडे. "मॅडम, तुमचा फेब्रुवारी म्हणजे हे," ती म्हणाली.

मग तो पुरता आत जातो. आतल्या आत गोल फिरत बुडतो. सगळा खेळ काही दिवसांचा. ताऱ्याचं वरचं आवरण उसळून बाहेर फेकलं जातं आणि एकदम भडका दिसतो. तो मार्चअखेरचा. पुढे बाहेर आलेला वायू थंड होऊन त्याची धूळ होते, तारा धुळीआड लालबुंद आणि मंद होत जातो. ग्रहाचं नाव-निशाण राहत नाही. तारा मात्र थोड्या वर्षांत पूर्वीसारखा.

दुसऱ्या कशाने भडकला असता तर वायू फार तापलेला आणि फार वेगाने पळणारा दिसला असता. इथे सगळं थंड आणि संथ. पण शंका घेणारे आहेतच. त्यांना गप्प करायचं तर भडक्याआधीचा हळू चढ हवा. घासण्याचा पुरावा. तो फक्त माझ्या वहीत.

हे सगळं तिथे हजारो वर्षांपूर्वी झालंय. उजेड आत्ता पोचला. आणि पोचला तेव्हा मी जागी होते!

१६ एप्रिल, बुधवार

श्रेयाचा फोन, आवाज उतरलेला. सरांनी बैठकीत स्पष्ट सांगितलं की एका माणसाच्या डोळ्यावर, त्यातून बिघडत चाललेल्या डोळ्यावर, एवढा मोठा दावा उभा करता येणार नाही. परीक्षक पहिल्याच पानावर फाडतील. माझा अपमान होऊ नये म्हणूनही ते सांगताहेत. श्रेया म्हणाली, त्या दिवसांचा त्या भागाचा कुणाचा तरी फोटो हवा. कसलाही. जगभर विचारतेय, नाही मिळत.

मला राग आला नाही. सरांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पण माझा चढ खरा आहे. आता मला शंका नाही.

१९ एप्रिल, शनिवार

जेवताना यांना सगळं सांगितलं. हे घास हातात धरून थांबले. "भिगवणला मासं खायला गेलतो तवा भितीवर फोटू व्हता बघ. खाली पाणी, वर चांदण्यांचा पट्टा. कुनीतरी हितलाच काढनारा हाय."

खरंच की! मी तो फोटो पाच मिनिटं बघत उभी होते. शेपटीसकट वृश्चिक होता त्यात.

२० एप्रिल, रविवार

भिगवण. खानावळवाल्याने लगेच नाव सांगितलं. वाजिद. उजनीच्या पाण्यात होडी चालवतो, हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवतो. त्याचं घर पाण्याच्या कडेला. जाळी वाळत घातलेली.

पाहुणे उजाडताना येतात, हा तासभर आधी जाऊन होडी काढतो. त्या वेळात तिकाटण्यावर कॅमेरा लावून ठेवतो, एकामागून एक वीस-वीस फोटो घेतो. मी तारखा सांगितल्या. तो हसला. "ताई, मी पान्याकडं बगतो. तारं नुसतं मागं असत्यात. बरंचसं पुसून टाकलं मी, जागा पुरत न्हाय."

तेवढ्यात त्याची बायको साजिया चुलीपासून उठून आली. म्हणाली, हे पुसतात म्हणून मी आधीच दुसऱ्या डिस्कवर घेऊन ठेवते. तारखेवार! लग्नाआधी ती इंदापुरात फोटो स्टुडिओत कामाला होती. ओढणीला हात पुसून तिने संगणक लावला.

९ फेब्रुवारी. २७ फेब्रुवारी. ८ मार्च. आणि २५ मार्च.

पंचवीस मार्च! मी पोतं बांधून पडले होते त्या दिवसांतला.

पडद्यावर मोठं करून शोधला. बारीक ठिपका. पण आहे. साजियाने विचारलं, हाच का? म्हटलं, हाच. तिने चहा टाकला. वाजिद बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं हे आपल्या फोटोत होतं, असं काहीतरी पुटपुटला.

२६ एप्रिल, शनिवार

श्रेयाने पाच दिवसांत फोटो मोजून घेतले. यंत्राने, माझ्या नोंदी कधी न पाहिलेल्या तिच्या एका मैत्रिणीकडून. माझे आकडे वेगळ्या पाकिटात, सरांकडे बंद. तिनेच तशी अट घातली होती.

आज दुपारी सरांनी ते पाकीट उघडलं आणि फोन स्वतः केला. तीन तारखा जुळतात. तेजाच्या मापात माझ्यात आणि कॅमेऱ्यात फरक अर्ध्या दशांशाचाही नाही. पंचवीस मार्चचा ठिपका माझ्या चढाच्या रेषेत जिथे पडायला हवा बरोबर तिथे.

सर म्हणाले, "जयवंताबाई, डोळा माझा तपासायला हवा होता."

फोन ठेवला आणि उसाच्या सरीत उभ्या असलेल्या यांच्याकडे अनवाणी पळत गेले. चिखलात. हे म्हणाले, पाय धू आधी. आणि मग डोक्याचा फेटा काढून डोळे पुसले.

३० मे, शुक्रवार

लेख पाठवला. पाच नावं. श्रेया, सर, भडका जाहीर करणारे परदेशातले एक जण, चौथी मी, पाचवा वाजिद. साजियाचे शेवटी वेगळे आभार. मी म्हटलं, आभार नकोत, नावच घाला. डिस्क नसती तर? श्रेयाने घातलं. आता सहा.

नावापुढे संस्था लिहावी लागते. माझी कोणती? कॉलेजातून तर मी निवृत्त. श्रेयाने विचारलं तेव्हा मला एकच सुचलं. लेखात गेलंय तसंच: जयवंता संभाजी गलांडे, कळस, तालुका इंदापूर.

१७ जुलै

ढग. ढग. ढग.

१९ ऑगस्ट, मंगळवार

स्वीकारला!

परीक्षकाने एकच शेरा मारलाय. दुसऱ्या आकृतीतल्या नोंदी करणाऱ्याचं प्रशिक्षण कुठे झालं? श्रेयाने काय उत्तर दिलं ते मला सांगत नाही. हसते नुसती.

२७ सप्टेंबर, शनिवार

बारामती. आमच्याच कॉलेजात, मोठ्या सभागृहात माझं भाषण. त्या सभागृहात मी एकोणतीस वर्षं पडदा सोडला, माइक लावला, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. आज बाटली माझ्यासाठी होती.

पहिली दहा मिनिटं कागदात बघून वाचलं. मग समोर लॅबमधले जुने शिपाई दादासाहेब दिसले, मान डोलावत होते. त्यांनाच सांगते असं धरलं आणि सुटले. तारा कसा फुगतो, ग्रह आधी कसा नुसता घासतो, मग आत कसा शिरतो. विहिरीत दगड पडला की आवाज येतो, इथे उजेड आला, असं म्हटलं. हे वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. आपोआप आलं.

एका मुलीने विचारलं, आपली पृथ्वीही पडणार का सूर्यात? सांगितलं, बुध आणि शुक्र जातील. आपलं नक्की नाही, जाऊही शकेल. पण पाचशे कोटी वर्षं आहेत, तू परीक्षेचा अभ्यास सोडू नकोस. सभागृह हसलं.

शेवटी सर उठले. सगळ्यांसमोर म्हणाले की या बाईंना मी डोळे तपासायला पाठवलं होतं, आणि त्यांनी तेव्हाही वही बंद केली नाही. हे खरं नाही. मी वही बंद केली होती. वीस दिवस. मी माइक मागून घेतला आणि तसं सांगितलं. पोतं कुणी सोडलं तेही सांगितलं. हे तिसऱ्या रांगेत बसले होते, नव्या शर्टात, खाली मान घालून.

टाळ्या किती वेळ वाजल्या मला माहीत नाही. वाजिद आणि साजिया भिगवणहून आले होते. साजियाने त्या पंचवीस मार्चच्या फोटोची मोठी प्रत करून आणली. ठिपक्याभोवती पांढरं वर्तुळ. कॉलेजने ती लॅबच्या भिंतीला लावायचं ठरवलंय.

बाहेर पडताना नव्या पोरी मला मॅडम म्हणाल्या. दादासाहेब मात्र मावशीच म्हणाले. दोन्ही गोड लागलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. छान दिसतंय. भिंत इतकी पांढरी आहे हे माहीत नव्हतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

श्रेयाचा फोन. त्या ताऱ्याच्या जुन्या नोंदी परत तपासताना तो फार हळू, वर्षानुवर्षं हेलकावत असल्याचं सापडलं. कुणीतरी दूरवरून त्याला ओढतंय. दुसरा ग्रह आहे. लांब आहे, म्हणून वाचला. भडक्यानंतरही फिरतोय.

आणि आम्ही सात महिने याला शेवट म्हणत होतो.